सुतकी दाढी

माझ्या सासऱ्यांचा चेहरा मी बिघडवला, आणि पुढे तीन आठवडे त्याचं खापर त्यांच्याच खोबरेल तेलावर फोडत राहिलो.

मी सातिवलीच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासतो. कारखाना म्हणजे दोन गाळे आणि वर पत्रा. आम्ही क्रीम, दाढीचा फोम आणि आफ्टरशेव्ह बनवतो, पण आमच्या नावाचं काहीच विकत नाही. दुसऱ्यांच्या रिकाम्या ट्यूब आणि बाटल्या येतात, आम्ही भरतो, सील करतो आणि प्रत्येक बॅचच्या कागदावर मी सही करतो. एकाच टाकीतलं क्रीम गुलाबी ट्यूबमध्ये गेलं की बायकांचं होतं आणि काळ्या ट्यूबमध्ये गेलं की पुरुषांचं. मधे फक्त वास बदलतो. काळ्या ट्यूबवर बर्फाचा डोंगर छापलेला असतो. वसई-विरारमध्ये बर्फ असतो तो मासळी बाजारात आणि उसाच्या रसाच्या गाडीवर. तरी डिसेंबर लागला की त्या डोंगराकडे बघून फुलपाड्यातले आमच्या इमारतीतले पुरुष गालावरून हात फिरवतात आणि मला जिन्यात गाठतात. "यंदा स्किन फार ड्राय झालीये हो, काय लावू?" मी चेहरा गंभीर करतो आणि सल्ला देतो. मला त्वचेतलं कळतं, ही समजूत सोसायटीत आणि नातेवाइकांत मीच पसरवली आहे. खरं सांगायचं तर मला भरलेल्या ट्यूबचं वजन करता येतं आणि सील गळतंय का ते बघता येतं. बाकी सगळं ज्ञान लेबलावरचं. ते लेबलही आमच्याच गाळ्यात चिकटवलेलं.

सासऱ्यांची गिरीजला वाडी आहे. केळी, नारळ, थोडी पानवेल आणि मधल्या मोकळ्या जागेत भाजी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हापासून बहुतेक रविवारी मी तिथे जातो. आपसात ते वाडीच्या बोलीत बोलतात. ती मला अजून निम्मीच कळते. माझ्याशी मात्र शाळेत शिकवल्यासारखं मराठी बोलतात, पाहुण्याला चांगल्या कपातून चहा द्यावा तसं.

आणि पंचवीस वर्षं मी त्यांची दाढी बघून मनात हसत आलो. रोज सकाळी दाढी, एक दिवस चुकायची नाही. थंडीत तर तो सोहळाच असायचा. शहरात नसली तरी वाडीत थंडी असते. सकाळी केळीच्या पानांवरून दव ठिबकत असतं आणि पूर्वेकडून कोरडा वारा सुटलेला असतो. सासरे तांब्यात कोमट पाणी घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसायचे. टॉवेल त्या पाण्यात पिळून तोंडावर धरायचे. मग घरच्या खोबरेलाचे चार थेंब तळहातावर चोळून गालांना लावायचे. आणि मग नुसते बसून राहायचे.

एकदा मी विचारलं होतं, "बाबा, कशाची वाट बघताय?"

"केस मऊ व्हायची."

"केस कसले मऊ व्हायचे त्यात?"

"माणसं होत नाहीत लवकर. केस होतात."

मग ब्रशने साबणाचा फेस, मग त्यांचा जुना पितळी रेझर. वरून खाली, एकदाच. उलटा हात कधी नाही. शेवटी टॉवेल गालावर दाबायचा, घासायचा नाही, आणि चेहरा ओलसर असतानाच पुन्हा दोन थेंब तेल. सगळं मिळून अर्धा तास. मला वाटायचं, कोण बघणार आहे या माणसाचं तोंड? केळी? फुलपाड्यात मी तीन मिनिटांत दाढी करतो. टँकरच्या पाण्याला साबणाचा फेस धड येत नाही, म्हणून दोनदा पातं ओढतो, एकदा सुलट आणि एकदा उलट. आणि तेही गार पाण्याने, कारण देशावरच्या माणसाने वसईच्या थंडीला काय घाबरायचं! माझी मान बारा महिने लाल असते आणि थंडीत तिचे पापुद्रे शर्टाच्या कॉलरवर पडतात. त्याला मी कामाचा ताण म्हणतो.

असा मी. तर गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला मी सासऱ्यांसाठी एक खोका घेऊन गेलो. फोमचा डबा, निळी आफ्टरशेव्हची बाटली आणि डोंगरवाली काळी ट्यूब. ओट्यावर बसून तिन्ही वस्तू मांडल्या आणि भाषण केलं. हे आधी, ते नंतर, हे रात्री.

सासऱ्यांनी बाटली उन्हाकडे धरून पाहिली. "याच्यावर तेल लावायचं का?"

"तेल बंद, बाबा. तेलाने छिद्रं बुजतात."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढी वर्षं बुजली नाहीत ती?"

"आई, आता शास्त्र पुढे गेलंय."

"जाऊ दे बाई पुढे. आम्ही इथेच आहोत."

पण सासऱ्यांनी तेल बंद केलं. त्या घरात जावयाने आणलेली वस्तू बाजूला ठेवत नाहीत. मी एकदा आणलेली विजार आखूड होती, तीही त्यांनी फाटेपर्यंत वापरली. आता ते फोम लावायला लागले. डब्यावर लिहिलं होतं की लगेच दाढी करा, म्हणून ते लगेच करायला लागले. कोमट टॉवेल गेला, बसून राहणं गेलं, आणि वर रोज ती निळी बाटली.

पुढच्या रविवारी त्यांचे गाल लाल दिसले.

"जळतं का?" मी विचारलं.

"थोडं."

"जळतं म्हणजे काम करतंय."

हे वाक्य मी म्हणालो. कुठून आणलं माहीत नाही. कुठल्याही लेबलावर ते नाही, मी नंतर शोधलं.

त्याच्या पुढच्या रविवारी गालांवर पांढरे पापुद्रे होते आणि ओठांच्या कडेला भेगा. बोलताना ते तोंड कमी उघडत होते. मी त्यांना उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला विचारलं, "बाबा, तुम्ही चोरून तेल लावता का?"

"नाही."

"नक्की?"

बायको म्हणाली, "अहो, काय विचारताय!" मी म्हणालो, मग ही थंडी आहे, कोरडा वारा आहे, आणि रोजच्या रोज दाढी करायचा हा हट्ट आहे. मनात मात्र एक बारीक शंका येऊन गेली होती. ती निळी बाटली मी हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लावायला हवा होता, आणि मी ती परत फळीवर ठेवली. तेवढं मला नीट आठवतं. चष्मा खिशातच होता.

तिसऱ्या रविवारी उजव्या गालाची कातडी फुटून लस येत होती. मी निकाल दिला, दोन आठवडे दाढी पूर्ण बंद. क्रीम लावा, बाटली लावा, पण पातं नको.

"बाटली लावू?"

"लावा. जंतू मरतात."

"आणि दाढी वाढवू?"

"हो."

"माझ्या घरात कोणी मेलंय का?"

मी हसलो. त्यांच्याकडे दाढी वाढते ती सुतकात. भाऊबंदांत कुठे कोणी गेलं, अगदी लांब केळव्याकडचा चुलत चुलता गेला, तरी पुरुष दहा दिवस पात्याला हात लावत नाहीत. दहाव्याला दाढी होते आणि माणूस पुन्हा माणसांत येतो. म्हणजे गिरीजला खुंट वाढलेला चेहरा ही बातमी असते. हे मला ऐकून माहीत होतं, पण ते माझ्या लेखी जुन्या लोकांचं खूळ होतं. मी म्हणालो, "बाबा, आता नवरदेवसुद्धा दाढी ठेवून लग्नाला उभे राहतात."

"नवरदेवाला मेढ रोवायची नसते."

शेजारच्या घरी नातीचं लग्न होतं. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब, ती मेढ. त्या आळीत गेली चाळीस वर्षं ती सासरेच रोवतात. ते भटजी नाहीत की आळीचे पुढारी नाहीत. त्यांनी रोवलेली मेढ हलत नाही एवढंच लोकांचं म्हणणं, आणि त्यांचंही. आयुष्यात त्यांना मिळालेला मान म्हणाल तर तो एवढाच. शेजारची मेढ आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी होती.

"तोवर बरं होईल," मी म्हणालो.

ते तयार नव्हते. शेवटी माझ्या बायकोने त्यांचा हात धरला, "बाबा, माझ्यासाठी. चेहरा बघा कसा झालाय." त्यांनी लेकीला शब्द दिला, ती सांगेपर्यंत पात्याला हात लावणार नाही. तो शब्द मला पुरला नाही. निघताना मी कट्ट्यावरचा त्यांचा रेझर उचलून माझ्या पिशवीत टाकला. म्हटलं, पाण्याचे डाग पडलेत, साफ करून आणतो. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी ती वस्तू मी काढून घेतली आणि फुलपाड्यात मोज्यांच्या खणात ठेवून दिली.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. एका मोठ्या ऑर्डरसाठी कारखाना चालू होता, असं मी घरी सांगितलं. ऑर्डर होती, पण मी नसतो तरी चाललं असतं. मला तो चेहरा बघायचा नव्हता.

दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, आईकडे मासळीवाली चार-पाच दिवस थांबतच नाहीये."

"मग?"

"मग काय मग! बाबांची दाढी बघून पुढे जाते. सुतकाच्या घरी मासे कशाला, म्हणून. आज आईने हाक मारली तर टोपली खाली नाही ठेवली तिने. म्हणते, 'आजी, कोन गेला तुमचा? मना कोनी सांगला पन नाय.'"

मी हसलो. मोठ्याने हसलो, शेजारी मशीनवर काम करणाऱ्यांनी वळून पाहिलं.

"हसून झालं?" ती म्हणाली. "आता पुढचं ऐका. शेजारची आजी येऊन गेली. म्हणाली, काकांना उद्या त्रास नको, मेढ नातीचे मामा रोवतील."

"मग सांगायचं ना, सुतक नाही म्हणून."

"कोणी विचारलंय का सुतक आहे म्हणून? तोंडावर असं विचारत नाहीत आमच्याकडे. त्रास नको म्हणतात. आई सांगायला निघाली होती, बाबांनी थांबवलं. म्हणाले, सुतक नाही म्हटलं की विचारतील चेहऱ्याला काय झालं. मग जावईबापूंचं नाव निघेल."

मशीनमध्ये ट्यूब अडकली होती आणि कोणीतरी मला हाक मारत होतं. बायको म्हणाली, "ऐकताय ना?" मी हो म्हणालो.

आमच्याकडे बॅच बनवणारी एक केमिस्ट आहे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी इतक्या वर्षांत तिला कामाचं सोडून काही विचारलं नव्हतं. विचारलं तर मला येत नाही हे कळेल, म्हणून. त्या दुपारी मी तिच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "सत्तरीच्या माणसाच्या कोरड्या कातडीला आपलं ते निळं आफ्टरशेव्ह चालेल का?"

"कोणाशी वैर आहे, सर?"

मी टेबलावरचं एक लेबल सरळ केलं.

तिने पेन खाली ठेवलं. "लावलंत? कोणाला?"

"सासऱ्यांना."

"अहो, निम्म्याहून जास्त स्पिरिट आहे त्यात. वर मेंथॉल. तरुण, तेलकट तोंडाला ठीक आहे. म्हाताऱ्या कातडीला आधीच ओल नसते, त्यात थंडी. बॅचच्या कागदावर सही तुमचीच असते ना?"

"हो."

"वाचून करत जा."

"आणि तेल? तेलाने छिद्रं बुजतात ना?"

"तुम्ही खोका नेण्याआधी काही बिघडलं होतं का त्यांच्या तोंडाचं?"

"नाही."

"मग?"

उद्या सकाळी त्यांची दाढी व्हायलाच हवी, असं मी सांगितलं. ती आधी नाहीच म्हणाली, मग माझ्याकडे बघून एका रिकाम्या लेबलाच्या मागे लिहून दिलं. निळी बाटली फेका. आधी कात्रीने केस बारीक करा. पाणी कोमट, कढत नाही. ओला टॉवेल दहा मिनिटं. घरचं साधं तेल सोसत असेल तर थोडं, मग फेस, नवं पातं, केसांच्या दिशेने एकदाच. जिथे कातडी फुटली आहे तिथे पातं अजिबात नको. दाबून टिपा, घासू नका. ओलसर असतानाच पुन्हा तेल. आणि लग्न झालं की डॉक्टरला दाखवा. मी तो कागद दोनदा वाचला. कात्री आणि डॉक्टर सोडले तर ती सासऱ्यांची रोजची दाढी होती.

संध्याकाळी मी आणि बायको गिरीजला गेलो. मी रेझर त्यांच्यासमोर ठेवला. "साफ झाला का?" त्यांनी विचारलं. तो जसा नेला होता तसाच होता. त्यांनी डाग बघितले. बायकोने त्यांना शब्दातून मोकळं केलं. "बाबा, उद्या दाढी करा."

सकाळी उजाडता उजाडता ते कट्ट्यावर बसले. "माझी मी करतो," म्हणाले. आठ दिवसांचे पांढरे खुंट आणि त्यांच्याखाली कोरडी, ताणलेली कातडी. पहिला हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आलं. रेझर खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. शेजारच्या अंगणात माणसांचे आवाज यायला लागले होते.

बायको म्हणाली, "बाबा, यांना करू द्या."

"यांना?"

एवढा एकच शब्द. पण तो असा उच्चारला होता की सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी कागद मांडीवर ठेवला आणि टॉवेल पिळला. टॉवेल त्यांच्या तोंडावर असताना, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसत नसताना, मी म्हणालो, "बाबा, ती बाटलीच होती. तेल नव्हतं."

टॉवेलच्या आतून आवाज आला, "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी वाटलं, भारी वस्तू आहे म्हणून जळते. दुसऱ्या आठवड्यात कळलं."

"मग बंद का नाही केलीत?"

त्यांनी टॉवेल बाजूला केला. "तुम्ही विचारलंत का, बाटलीने होतंय का? तुम्ही विचारलंत, चोरून तेल लावता का."

मी कात्री घेतली. पुढची वीस मिनिटं आम्ही दाढीपुरतंच बोललो. म्हणजे तेच बोलले. "एवढं दाबू नका, नारळ सोलताय का?" "खालच्या अंगाला केस फिरतात, बघून." "थांबा जरा. तुम्हाला गाडी पकडायची नाही." पंचवीस वर्षांत मी या माणसाच्या चेहऱ्याला हात लावला होता तो फक्त दोष शोधायला. कातडी किती पातळ आहे, हाडावर कशी सरकते, हे बोटांना पहिल्यांदाच कळत होतं.

उजव्या गालावर एक आणि हनुवटीच्या डाव्या बाजूला एक, असे दोन तुकडे राहिले. तिथे कातडी फुटलेली होती. मी हात थांबवला.

"ते राहिलं," ते म्हणाले.

"तिथे नाही करता येणार."

"अर्धवट तोंडाने जाऊ?"

"रक्त येईल, बाबा."

"येऊ दे."

"नाही."

पंचवीस वर्षांत त्यांना मी बरोबर कारणासाठी नाही म्हणालो ते एवढंच. त्यांनी आरसा घेतला, तोंड वळवून वळवून पाहिलं. "उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय," म्हणाले आणि दोन थेंब तेल मागितलं.

शेजारच्या अंगणात आम्ही गेलो तेव्हा उंबराची फांदी तयार होती, तिला आंब्याचे डहाळे बांधलेले, खड्डा खणलेला. नवरीचे मामा हळदी-कुंकवाच्या ताटाशेजारी उभे होते. सासरे पुढे गेले. नवरीच्या आजोबांनी "या, या, बसा" म्हटलं, पण खुर्ची दिली ती खड्ड्यापासून लांब. मग ते शेजारच्या माणसाकडे वळून हळूच म्हणाले, "आज नववाच ना?" आणि बोटांवर मोजायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आणखी वाईट केलं होतं. कालपर्यंत आळीने त्यांना दाढीत पाहिलं होतं. दहावा झाला नव्हता आणि आज चेहरा घाईघाईने, ठिकठिकाणी खुंट ठेवून, खरवडलेला. म्हणजे लग्नाच्या मानासाठी या माणसाने सुतक लपवलं. दाढी ठेवली असती तर फक्त बाजूला ठेवलं असतं. आता मी त्यांना खोटं ठरवलं होतं. सासऱ्यांनाही ते कळलं असणार. ते कोणाकडे बघत नव्हते. खड्ड्याकडे बघत होते. फक्त म्हणाले, "उथळ आहे खड्डा."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी सांगितलं म्हणून मी बोललो, असं मला पुढे म्हणता आलं असतं. तेवढीही सोय नव्हती.

"कोणी गेलेलं नाही," मी म्हणालो. आवाज मोठाच आला. "सुतक नाही. मी कारखान्यातून एक बाटली आणली होती, ती त्यांना लावायला लावली. त्याने चेहरा भाजला. मग मीच म्हणालो दाढी बंद करा. आणि आत्ताची ही दाढीही मीच केली आहे."

मग नवरीची आजी पुढे आली, तिने सासऱ्यांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि गाल पाहिला. "म्हणजे भाजलंत पण तुम्हीच आणि औषध पण तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

"आणि कारखान्यात तुम्ही काय करता?"

"माल चांगला आहे का ते बघतो."

आधी ती हसली, मग बायका हसल्या, मग मामा. आजोबांची बोटं मोजता मोजता तशीच राहिली होती, तेही हसले. "काय हो, एक शब्द बोलायचा ना!" ते सासऱ्यांना म्हणाले. मलाही हसू आलं आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. लगेच त्याची लाज वाटली. तीन आठवडे दुसऱ्याचा चेहरा जळत होता, आणि चार वाक्यं बोलून हलका मी होत होतो. चारचौघांत बोललो म्हणून मी शूर नव्हतो. बोललो नसतो तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा मेढ दुसऱ्याच्या हातून लागली असती आणि आळीने त्यांना लबाड म्हटलं असतं. पर्याय संपल्यावर खरं बोलणाऱ्याचं कौतुक करायचं नसतं.

मामांनी फांदी सासऱ्यांच्या हातात दिली. सासऱ्यांनी धोतर खोचलं, पहार मागवली आणि आधी खड्डा आणखी वीतभर खोल केला. एवढी माणसं मदतीला असताना त्यांनी कोणाला पहार दिली नाही. मग फांदी उभी केली. ती सरळ धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी पुढे झालो.

"तुम्ही लांब उभे राहा, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्ही हात लावाल ते सोलून निघतं."

अंगण पुन्हा हसलं. मामांनी फांदी धरली. सासऱ्यांनी मुठी मुठीने माती लोटली, टाचेने दाबली, पुन्हा लोटली, पुन्हा दाबली, आणि शेवटी दोन्ही हातांनी मेढ गदागदा हलवून पाहिली. ती हलली नाही. आजीने ताट पुढे केलं. घामाने त्यांचे गाल झोंबत असणार, ते दोन तुकडे लाल झाले होते, पण ते हळदीत बोट बुडवून मेढीला लावत होते आणि कोणीतरी विचारत होतं, काका, मांडवाचे बाकीचे खांब किती अंतराने. मी मला सांगितलं होतं तिथेच, लांब कुंपणापाशी उभा होतो.